ठाण्याच्या पेजवरून गेलेलं उत्तर

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मी घरात उगाच कुणावर तरी डाफरतो. बायकोला आता ते कळतं. "आठवलं वाटतं," म्हणते आणि चहाचं आधण ठेवते. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणीत अधिकारी हुशार असतो, असा या लेखनाचा रिवाज आहे. या वेळी तो मला पाळता येणार नाही. या प्रकरणात जे काही बरं झालं ते दोन बायकांनी केलं, आणि वाईट झालं त्यातलं बरंचसं माझ्या टेबलावरून झालं.

जालना जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. नाव कुणाचंच देत नाही. मुलगी आता मोठी झाली असेल, तिला शांतपणे जगू द्यावं. ठाण्याचंही देत नाही, कारण आज तिथे काम करणाऱ्या पोरांचा यात काही दोष नाही.

वरून आदेश आला होता की प्रत्येक ठाण्याने समाजमाध्यमावर आपलं पेज उघडावं आणि जनतेशी संपर्क वाढवावा. मी त्या काळी मोबाईलवर एका बोटाने टाइप करायचो, तेही चष्मा कपाळावर सरकवून. मी हवालदाराकडे पाहिलं, हवालदाराने ठाणे अंमलदाराकडे पाहिलं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून फोटोवाल्याकडे पाहिलं.

हा फोटोवाला गावातलाच, तिशीचा. लग्नं, बारशी, वाढदिवस करायचा. शांतता समितीच्या बैठकीचे फोटो फुकट काढून द्यायचा, त्यामुळे ठाण्यात त्याला कुणी अडवत नसे. "टेन्शन नका घेऊ साहेब, धा मिन्टांत करून देतो," म्हणाला आणि दिलं करून. उद्घाटनाला नारळ आणला होता. पेजचा नारळ फोडायचा कुठे, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी कॉम्प्युटरच्या टेबलापाशी फोडला आणि पाणी की-बोर्डवर उडालं. पेजवर माझा गणवेशातला फोटो लागला. पासवर्ड काय ठेवलास, असं मी विचारलं. "माझ्यापाशी राहू द्या साहेब, तुम्ही विसरसाल." मी खरंच विसरलो असतो. बराबर आहे, म्हटलं.

पुढची दोन वर्षं त्या पेजवर मुख्यतः मी होतो. झाड लावताना मी, शाल घेताना मी, कुणाच्या तरी हातात हात देऊन कॅमेऱ्याकडे बघताना मी. सासुरवाडीची मंडळी आवर्जून अंगठे द्यायची. बहुतेक फोटोंत कडेला तोही असायचा, कॅमेरा दुसऱ्याच्या हातात देऊन. पेजवर लोक खाजगी निरोप पाठवू शकतात हे मला ठाऊक नव्हतं, असं मी पुढे चौकशीत सांगितलं. खरं म्हणजे ठाऊक होतं. "मेसेज येत असतात साहेब, मी बघून घेतो," असं तो एकदा म्हणाला होता आणि मी मान हलवली होती.

एका मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास गावातले टेलर ठाण्यात आले. शाळेचे गणवेश शिवणारा साधा माणूस. गळ्यात मापाचा टेप तसाच होता, काढायचं भान राहिलं नव्हतं. सोबत मेहुणा. मुलगी नववीत, चौदा वर्षांची. काल सकाळी शाळेत म्हणून निघाली ती परत आलीच नाही. शाळेत विचारलं तर तिथे ती गेलीच नव्हती. सगळे नातेवाईक पालथे घालून झाले होते.

"साब, नाम कागद पे नक्को," टेलर म्हणाले. "लडकी जात है. तुम बस ढूंढ के देव."

मी त्यांना समजावलं की अठराच्या आतलं मूल हरवलं तर आम्हाला नुसती नोंद करून भागत नाही, अपहरणाचा गुन्हाच दाखल करावा लागतो. अपहरण हा शब्द ऐकल्यावर त्यांनी टेप गळ्यातून काढला आणि फिर्याद लिहून होईपर्यंत तो बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिले.

मुलीचा फोटो होता तो शाळेच्या ओळखपत्रावरचा, गोल शिक्क्याने हनुवटी झाकलेला. मी त्याचा मोबाईलवर फोटो काढून फोटोवाल्याला पाठवला आणि पेजवर सूचना टाकायला सांगितली. पाच मिनिटांत त्याने टाकलीसुद्धा. यंत्रणा कामाला लागली म्हणून मला जरा बरं वाटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

आमच्याकडे एक महिला शिपाई होती, कुंभार पिंपळगावकडची. तिला मुलीच्या घरी पाठवलं. मी गेलो असतो तर दारात खुर्ची टाकून चहा मिळाला असता. ती थेट आत जाऊन आईजवळ बसली आणि तासाभराने एक जुना, काच तडकलेला मोबाईल घेऊन परत आली. मोबाईल आईचा, वापरायची मुलगी. जाताना ती तो घरीच ठेवून गेली होती.

मुलगी बोलताना अडखळायची. एकेका शब्दाला चार-चार वेळा अडायची, म्हणून वर्गात तोंड उघडत नसे. पण मेंदी सुरेख काढायची. आईला सांगून तिने मेंदीचं खातं उघडलं होतं. त्यात फक्त हात दिसायचे, चेहरा कधी नाही, आवाजही नाही. खाली लिहून समजावायची, की कोन कसा धरायचा, वेल कुठून सुरू करायची. अंबडच्या, परभणीच्या, कुठल्या कुठल्या बायका तिला विचारायच्या आणि ती पटापटा उत्तरं द्यायची. लिहिताना ती अडखळत नव्हती. वडिलांना यातलं काही माहीत नव्हतं.

त्याच खात्यावर एक 'दीदी' आली होती. मुंबईत मेंदीचे क्लास घेते म्हणायची. आधी कौतुक, मग गप्पा, मग चेहरा दाखव. मुलीने नाही म्हटलं. काही दिवसांनी दीदीने एक चित्र पाठवलं. चेहरा या मुलीचा, बाकी सगळं खोटं, कॉम्प्युटरवर जोडलेलं. सोबत दोन ओळी होत्या. सांगेन ते ऐकलं नाहीस तर हे गावात प्रत्येकाच्या मोबाईलवर जाईल.

मी सायबर शाखेला पत्र तयार करायला सांगितलं. कंपनीकडून खात्याची माहिती यायला दिवस लागतात, आणि आमच्या हातात दिवस नव्हते. शिपाई बाई मात्र तो संवाद वरून खाली वाचत बसली होती.

"साहेब, ही दीदी मुंबईची न्हाई," ती म्हणाली. "हे बघा. मागल्या मंगळवारचं हाय. 'बाजार की छुट्टी हो गई ना, अब बात कर.'"

मला कळेना. तिने सांगितलं. त्या गावचा आठवडी बाजार मंगळवारी. त्या दिवशी शाळा अर्धीच भरते, आणि शनिवारी सगळीकडे अर्धी असते तेव्हा तिथे पूर्ण. मुंबईच्या बाईला हे कुठून ठाऊक? माणूस गावातला होता.

हे ऐकताच मी जोरात कामाला लागलो. गुन्हा मोबाईलवर झाला म्हणून गावातल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानदाराला आणून बाकावर बसवलं. सायकल चोरीला गेली म्हणून पंक्चरवाल्याला उचलण्याइतकी ही हुशारी होती. तो बिचारा "माझं काय चुकलं साहेब" एवढंच म्हणत होता. त्याचे दोन तास मी वाया घालवले, आणि त्या मुलीचेही.

तेवढ्यात शिपाई बाई माझ्या खोलीत आली आणि तिने दार लोटून घेतलं. असं ती कधी करत नसे. मोबाईल माझ्यापुढे धरला.

"साहेब, ह्ये उत्तर तुमी देल्तं का?"

वर माझा गणवेशातला फोटो होता. म्हणजे आमचं पेज. खाली मुलीने नऊ दिवसांपूर्वी लिहिलेलं होतं. शब्द मला पाठ आहेत. 'साहेब, मी नववीत आहे. एकजण मला त्रास देऊन राहिला. खोटा फोटो केला आहे. मला नीट बोलता येत नाही म्हणून लिहिते. अब्बांना सांगू नका. आधी मला सांगा मी काय करू.'

त्याखाली ठाण्याचं उत्तर. फोटो इकडे पाठव, पुरावा लागतो. ठाण्यात येऊ नको, बदनामी होईल. घरी सांगितलंस तर गुन्हा तुझ्यावरच पडेल. मग आठवडाभर इकडचं तिकडचं, धीर दिल्यासारखं. आणि रविवारी शेवटचं. उद्या शाळेत जाऊ नको, दहा वाजता वाटूर फाट्यावर थांब, साहेबांचा माणूस घ्यायला येईल.

मुलीने लिहिलं होतं, 'ठीक आहे साहेब. धन्यवाद.'

"नाही," मी म्हणालो. 

फोटोवाला लांब नव्हता. पेजवर टाकायला तपासाचे फोटो काढावेत म्हणून तो ठाण्याच्या आवारातच उभा होता.

आयुष्यात मी पुष्कळ माणसांना बोलतं केलं. पण हा माणूस दोन वर्षं माझ्या शेजारी बसून मी लोकांना कसं बोलतं करतो हे बघत आला होता. आधी मी ओरडणार, मग गप्प बसणार, मग चहा मागवणार, हे त्याला माहीत होतं. मी चहा सांगितला तर हवालदाराला म्हणाला, "माझ्यात साखर कमी." पेज हॅक झालं असेल, आजकाल आपोआप होतं म्हणाला. सोमवारी मी एका वाढदिवसाच्या कामात होतो म्हणाला. स्वतःहून मोबाईल पुढे केला. तो आदल्याच संध्याकाळी साफ करून घेतलेला होता. मी घामाघूम झालो होतो आणि तो मला पंखा वाढवू का विचारत होता.

मग शिपाई बाई आत आली. तिने आपला मोबाईल टेबलावर ठेवला. सकाळी पेजवर टाकलेली हरवल्याची सूचना त्यात उघडलेली होती.

"दादा, साहेबांनी तुमाला ओळखपत्राचा फोटो देल्ता. ह्यो कुठून आणला?"

तोवर माझ्या लक्षातही आलं नव्हतं. सूचनेत शिक्क्याचा फोटो नव्हताच. हिरव्या ओढणीतला, हसरा, स्वच्छ फोटो होता.

"तो ओळखपत्रावरचा कसला बेकार होता," फोटोवाला म्हणाला. "माणूस ओळखू तर आलं पाहिजे न. माझ्याकडं चांगला पडून होता, गेल्या साली तिच्या मावशीच्या लग्नातला. उजेड बघा कसा बराबर आला."

बाईने शेजारी मुलीचा मोबाईल ठेवला. त्यात ते खोटं चित्र. मानेची तीच कलती ठेवण, कानातला तोच झुमका, कपाळावर आलेली तीच बट.

"मंग ह्यो?"

त्याने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग दाराकडे बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदाच. त्याने चहाचा कप खाली ठेवला तो बशीच्या बाहेर.

घाईत चुकला असं मला वाटत नाही. पेजवर जाणारं काम नीटनेटकं दिसावं, एवढीच त्याची इच्छा होती. मुलीला शोधायची सूचना टाकतानाही.

मग तो बोलला. दीदी तोच होता; मावशीच्या लग्नात टिपलेल्या मेंदीवरून त्याने मुलीचं खातं ओळखलं होतं. सोमवारी मुलगी फाट्यावर आली होती. साहेबांचा माणूस म्हणून हा मोटारसायकलवर समोर उभा राहिला, तेव्हा लग्नातला फोटोवाला म्हणून तिने त्याला ओळखलं आणि तिच्या काहीतरी ध्यानात आलं. ती बसेना. तो हात धरायला गेला तर दप्तर त्याच्या हातात सोडून पळाली आणि उभ्या असलेल्या एसटीत चढली. कुठली गाडी ते त्याला माहीत नव्हतं. दप्तर त्याच्या स्टुडिओत सापडलं.

बाकी सगळं मी खरं धरलं, पण एसटीची गोष्ट मला पटेना. दप्तर सापडतं आणि मूल सापडत नाही, याचा अर्थ नोकरीने मला एकच शिकवला होता. फाट्याच्या आसपासच्या विहिरींत गळ टाकायला माणसं लावली. टेलरना मी ठाण्यात थांबायला सांगितलं होतं. ते थांबले नाहीत. एका विहिरीच्या काठावर येऊन उभे राहिले. दोर वर येताना प्रत्येक वेळी ते डोळे मिटायचे आणि गळ रिकामा दिसला की उघडायचे. मी तिथून जरा बाजूला गेलो, वायरलेसवर बोलायचं निमित्त करून.

पाचच्या सुमारास मुलीच्या मोबाईलवर मेंदीच्या खात्यावर एक निरोप आला. तो मोबाईल शिपाई बाईच्या खिशात होता म्हणून कळलं. 'ताई, तुमची मुलगी माझ्याकडे सुखरूप आहे. पोलिसांना कळवू नका असं ती म्हणते. तुम्ही या.'

निरोप जालन्यातून, मस्तगडमधून होता. पाठवणारी एका कार्यालयात नोकरीला असलेली बाई. आपल्या मुलीच्या लग्नासाठी या खात्यावरून तिने मेंदीचे नमुने घेतले होते, आणि कधी जालन्याला आलीस तर मस्तगडला कुणालाही माझं नाव विचार, असं सहज लिहिलं होतं. मुलगी एसटीतून उतरली आणि विचारत विचारत तिच्या दारात गेली. दोघींनी एकमेकींना त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं. बाईने ओळखीचा पुरावा मागितला नाही. तिला जेवू घातलं, आपल्याजवळ झोपवलं. मंगळवारी आमच्या पेजवरची सूचना बघून ती तिथेच कळवणार होती, तर मुलीने तिचा हात धरून ठेवला. घरचा नंबर ती सांगेना. शेवटी या बाईला सुचलं की मोबाईल घरी असेल तर निरोप आईलाच मिळेल.

आम्ही वडिलांना घेऊन निघालो. अशा मुलांचा जबाब गणवेशात घ्यायचा नसतो, आणि महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. जालन्यातल्या एक महिला उपनिरीक्षक तिथे आल्या. मी गाडीतच ड्रायव्हरचा जादा शर्ट चढवला. पोटावरची दोन बटणं लागेनात, म्हणून वरून टॉवेल टाकला. अशा अवतारात जिना चढलो तर निदान मूल घाबरणार नाही, असं मनाशी म्हणालो.

मुलीने मला बघितलं आणि ती घरमालकिणीच्या मागे गेली. बोलायला लागली, अडली, पुन्हा लागली. वडील म्हणाले, सावकाश बोल बेटा. शेवटी पूर्ण वाक्य बाहेर पडलं.

"ये वोईच साब है. फोटो में वो इनके बाजू में रहते."

मी खाली उतरलो आणि जबाब होईपर्यंत जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिलो.

खटला चालला. फोटोवाल्याला शिक्षा झाली. माझ्या साक्षीत त्याच्या वकिलाने फार छळलं नाही, दोनच गोष्टी विचारल्या. पेज कुणाचं? आमच्या ठाण्याचं. पासवर्ड कुणाकडे होता? आरोपीकडे. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा बघितलं. खात्याने नंतर माझ्यावर ठपका ठेवला, पण त्या एका नजरेपुढे तो मला सौम्य वाटला.

निवृत्तीनंतर शाळांच्या कार्यक्रमांत पालक विचारतात, पोरांना मोबाईल द्यावा का देऊ नये. माझ्यापाशी एका शब्दाचं उत्तर नाही. मोबाईल नसता तर फोटोवाल्याला तिच्यापर्यंत पोचायला वाट नव्हती. पण मस्तगडचं दारही तिला माहीत नसतं, आणि बोलताना अडणारी ती मुलगी अख्ख्या जगासाठी मुकीच राहिली असती. तिने वडिलांना का सांगितलं नाही, हे तिने जबाबात लिहून दिलं होतं. सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, मोबाईल घेतलासच कशाला? म्हणून मी पालकांना म्हणतो, उद्या पोर रडत आलं तर तुमचा पहिला प्रश्न काय असेल, तो आजच ठरवून ठेवा. आणि आमच्या खात्यातल्या पोरांना म्हणतो, लोकांसाठी खिडकी उघडली असेल तर तिच्याशी आपण स्वतः बसायचं. बसता येत नसेल तर उघडू नये.

निकालानंतर मी टेलरच्या दुकानात गेलो होतो. मुलीला त्यांनी मामाकडे दुसऱ्या गावी ठेवलं होतं. शाळा सुटली होती, सतरा नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून दहावीला बसणार होती. मेंदीचं खातं तिने बंद केलं होतं. मी शिपाई बाईचा नंबर त्यांना दिला. म्हटलं, पुन्हा कधी काही वाटलं तर मुलीने इथे कळवावं.

"फोन पे वो बोल नहीं पाती जल्दी," ते म्हणाले. "लिख के भेजी तो चलता?"

चालतं, म्हटलं.

"पढता कौन?"

ती स्वतःच वाचते, म्हटलं. त्यांनी मशीन थांबवलं, आपला मोबाईल काढला आणि एकेक अक्षर शोधत सलाम लिहून पाठवला. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. दोन मिनिटांत उत्तर आलं, कोण बोलतंय, काय काम आहे? टेलरनी ते दोनदा वाचलं. मग मोबाईल माझ्यापुढे धरला.

"ये उनोच है, कैसे समझना साब?"

 मी तोच नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. बाईशी ते बराच वेळ बोलले. कुठल्या गावच्या, घरी कोण कोण, त्या दिवशी आमच्या घरी आलात तेव्हा कुठे बसला होता, असं सगळं विचारून घेतलं. मगच त्यांनी तो नंबर मुलीला पाठवला.